विश्लेषण : रोमा कवयित्रीच्या कवितांचे गाणे कसे झाले? वाशीमच्या तांड्यांनी त्यातून काय घ्यावे?

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये कुणी ‘पानी’, ‘गाव’, ‘कान’, ‘दिवेस’, ‘रात’ असे शब्द उच्चारले, तर ऐकणाऱ्याला दुभाष्या लागणार नाही. उच्चार थोडा वेगळा वाटेल, इतकेच. हे शब्द मात्र वऱ्हाडातल्या कुठल्या बोलीतले नाहीत. युरोपात शतकानुशतके राहिलेल्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेतले ते रोजच्या वापरातले शब्द आहेत.

याच भाषेत पोलंडमधील एका भटक्या स्त्रीने कविता रचल्या. त्या छापल्या गेल्या आणि तिला तिच्याच लोकांनी वाळीत टाकले. १९८७ मध्ये ती गेली. त्यानंतर सात वर्षांनी त्याच कवितांना एका पोलिश संगीतकाराने चाली दिल्या आणि त्या मोठ्या वाद्यवृंदासह रोमानी भाषेतच गायल्या गेल्या. तिचे नाव ब्रोनिस्वावा वाइस, पण जग तिला ‘पापुशा’ म्हणून ओळखते.

बंजारा समाजाची काशी मानली जाणारी पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, त्या वाशीममध्ये ही गोष्ट परकी वाटू नये. गोरबोलीलाही स्वतःची रूढ लिपी नाही. तिचेही बरेचसे साहित्य गळ्यातच आहे आणि आता ते मोबाइलवर रेकॉर्ड होऊ लागले आहे. त्यामुळे पापुशाच्या बाबतीत काय चुकले आणि काय साधले, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

रोमा कोण? त्यांचा भारताशी काय संबंध?

रोमा हा युरोपातील मोठा अल्पसंख्य समाज आहे. युरोपात त्यांची संख्या अंदाजे १ कोटी ते १ कोटी २० लाख मानली जाते. इंग्रजीत त्यांना ‘जिप्सी’ म्हणत. हे लोक इजिप्तहून आले, या गैरसमजातून ते नाव पडले. आज अनेक रोमांना ते अपमानास्पद वाटते, म्हणून ‘रोमा’ हेच नाव वापरले जाते.

ते मूळचे भारतातले, हे आधी भाषेने सांगितले. जर्मन अभ्यासक योहान रुडिगर यांनी १७८२ मध्ये रोमानी भाषेची तुलना भारतीय भाषांशी केली आणि दोन्हींचे नाते दाखवून दिले. पुढे राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये रोमानीचे भारतीय आर्यभाषांमधील स्थान अधिक नेमकेपणाने मांडले. ‘रोम’ हे नाव ‘डोम’ या भारतीय शब्दावरून आले असावे, असे बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही वायव्य भारताकडे बोट दाखवले आणि स्थलांतराचा काळ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा सांगितला.

मराठी वाचकाला हे नाते शब्दांतून सहज पकडता येते. रोमानीत ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांसारखे आवाज ‘ख’, ‘थ’, ‘फ’ झाले आहेत. म्हणून आपले घर तिकडे ‘खेर’ होते, दूध ‘थुद’ होते आणि भुई ‘फुव’ होते. आपला घाम तिकडे ‘खाम’ आहे, पण त्याचा अर्थ सूर्य. दोन्हींच्या मुळाशी उष्णता या अर्थाचा संस्कृत ‘घर्म’ आहे. भाकरीला, म्हणजे तिथल्या पावाला, ‘मानरो’ म्हणतात. आपले पुरणाचे मांडे आणि हा ‘मानरो’ एकाच जुन्या ‘मंडक’ शब्दाची लेकरे आहेत. मुलाला ‘छावो’ म्हणतात. छावा कुणाला म्हणतात, हे महाराष्ट्रात सांगायला नको.

मिठाला रोमानीत ‘लोन’ म्हणतात. लोणचे या शब्दात तोच ‘लोण’ आहे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याच्या लोणार सरोवराच्या नावातही तो ऐकू येतो. मिठाची वाहतूक करणारे म्हणून ‘लमाण’ किंवा ‘लभाण’ हे नाव ‘लवण’ शब्दावरून पडले, असेही एक मत आहे.

वाटेत ही भाषा इतरांकडूनही शब्द घेत गेली. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तो ग्रीक शब्द आहे. घोड्याला ‘ग्रास्त’ म्हणतात, तो आर्मेनियन आहे. अंक मोजतानाही प्रवास दिसतो. पाच म्हणजे ‘पांज’, दहा म्हणजे ‘देश’. मात्र सात, आठ आणि नऊ हे अंक ग्रीकमधून आले आहेत. कोणत्या मुलखातून ही माणसे गेली, याचा नकाशाच त्यांच्या बोलण्यात आहे.

म्हणजे रोमा हेच बंजारा का?

असे सरसकट म्हटले जाते. सभांमध्ये, समाजमाध्यमांवर ‘युरोपातील बंजारा’ असा उल्लेख वारंवार होतो. साम्ये खरीच आहेत. दोन्ही समाज गाड्या, जनावरे आणि गाणी घेऊन फिरले. दोघेही ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ असा भेद शब्दांत करतात. बंजारा स्वतःला ‘गोर’ आणि इतरांना ‘कोर’ म्हणतात. रोमा स्वतःला ‘रोम’ आणि इतरांना ‘गाजो’ म्हणतात.

दोघांनी अन्यायही सोसला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ बंजारांसह अनेक भटक्या समाजांना बसली. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. युरोपात रोमांना आजच्या रोमानियाच्या भागात १८५० च्या दशकापर्यंत गुलाम म्हणून ठेवले जात होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी आणि त्यांच्या साथीदारांनी किमान २ लाख रोमांना ठार मारले. काही अंदाज ५ लाखांपर्यंत जातात.

तरीही रोमा म्हणजे बंजारा, हे सिद्ध झालेले नाही. रोमांचे पूर्वज हजार-दीड हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. महाराष्ट्रातील बंजारांचा लेखी इतिहास मुख्यतः मोगल फौजांना धान्य पुरवणाऱ्या बैलांच्या तांड्यांपासून, लदेणीच्या व्यापारापासून सांगितला जातो. तो बराच नंतरचा काळ आहे. गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची आहे. तिच्यात ‘आहे’ला ‘छ’ म्हणतात, रोमानीत ‘सी’ म्हणतात. दोन्ही भाषा एकाच मोठ्या घराण्यातल्या आहेत. पण त्या सख्ख्या बहिणी नसून दूरच्या चुलत बहिणी आहेत, असे म्हणणे योग्य ठरेल.

पापुशा कोण होती?

‘पापुशा’ म्हणजे रोमानीत बाहुली. तिचा जन्म १९१० च्या सुमारास पोलंडमध्ये, फिरत्या रोमा कुटुंबात झाला. जन्माच्या वर्षाबद्दल एकमत नाही. फिरत्या गाडीत जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवणारे कुणी नसायचे.

मुलीने लिहा-वाचायला शिकणे तिच्या समाजात चांगले मानले जात नव्हते. पापुशा गुपचूप शिकली. तांडा गावाजवळ थांबला की ती शाळकरी मुलांना गाठायची. एका ज्यू दुकानदार बाईकडूनही ती शिकली. फी म्हणून कोंबडी द्यायची. पुस्तक सापडले तर मार बसे आणि पुस्तक नष्ट होई, असे तिने नंतर सांगितले आहे.

तिच्या घरात हार्प वाजवली जायची. हार्प म्हणजे उभ्या चौकटीत तारा ताणलेले, माणसाच्या उंचीचे वाद्य. हे लोक ती जड वाद्ये गाड्यांवर लादून गावोगाव फिरायचे आणि लग्नकार्यात, जत्रेत वाजवायचे. पंधरा-सोळाव्या वर्षी तिचे लग्न तिच्याहून बऱ्याच मोठ्या दिओनिझी वाइस या हार्पवादकाशी लावण्यात आले. ती गायची, रचायची, तो वाजवायचा.

महायुद्धात हा तांडा वोल्हिनियाच्या जंगलांत लपून राहिला. भूक, थंडी आणि जर्मन सैनिक यांपासून जीव वाचवत काढलेल्या त्या दिवसांवर तिने एक दीर्घ कविता रचली. रोमांच्या संहाराची ही आतून दिलेली साक्ष आहे. तिच्यात जंगलात लपलेल्या ज्यू लोकांचे दुःखही आहे.

कविता छापल्याबद्दल शिक्षा का झाली?

१९४९ च्या सुमारास येझी फिकोव्स्की नावाचा तरुण पोलिश कवी या तांड्यात राहायला आला. त्याने पापुशाची रचना ऐकली, तिला ती लिहून काढायला लावली आणि पोलिशमध्ये भाषांतर केले. पोलिश अक्षरांत रोमानी लिहून ती त्याला कविता पाठवू लागली. ज्येष्ठ कवी युलियान तुविम यांनी त्यात रस घेतला. १९५० मध्ये ‘प्रॉब्लेमी’ या नियतकालिकात रोमांविषयीच्या मजकुरासोबत तिच्या कविता प्रसिद्ध झाल्या.

त्याच काळात पोलंडचे सरकार भटक्या रोमांना एका जागी वसवू पाहत होते. फिकोव्स्की यांनी तेव्हा त्या धोरणाची बाजू घेतली होती. १९५३ मध्ये त्यांचे पोलंडमधील रोमांवरील पुस्तक आले. त्यात चालीरीतींची माहिती होती आणि रोमानी शब्दांचा संग्रहही होता. ज्या भाषेच्या आडोशाने समाज स्वतःला पोलिसांपासून, अधिकाऱ्यांपासून वाचवत आला, ती भाषा अर्थासह छापली गेली.

समाजाच्या नजरेत हा घरभेद होता. राग फिकोव्स्कींवर निघण्याऐवजी पापुशावर निघाला. आपल्या गोष्टी बाहेर नेल्याचा दोष तिच्यावर आला. समाजाच्या प्रमुखापुढे प्रकरण गेले आणि तिला ‘विटाळलेली’ ठरवून बहिष्कृत केले गेले. पुस्तक थांबावे म्हणून तिने धडपड केली, पण उपयोग झाला नाही. १९५६ मध्ये तिचा संग्रह प्रसिद्ध झाला.

तिचे मानसिक संतुलन बिघडले. काही महिने तिला मनोरुग्णालयात काढावे लागले. तिने आपले बरेच लिखाण जाळून टाकले. पुढची अनेक वर्षे ती गोझूव या शहरात पतीसह समाजापासून तुटून राहिली. तिकडे १९६४ मध्ये भटकंतीवर कडक बंदी आली आणि गाड्यांचा तो संसारच थांबला. ८ फेब्रुवारी १९८७ रोजी इनोव्रोत्स्वाव या गावी तिचे निधन झाले.

यात कुणी एकच खलनायक नाही. फिकोव्स्की नसते, तर या कविता कुणाला कळल्याच नसत्या. समाजाची भीतीही खोटी नव्हती. नोंदी झाल्या की मागून पोलीस येतात, हा त्यांचा अनुभव होता. भारतातील विमुक्त जमातींनाही हजेरीच्या नोंदवह्यांचा असाच अनुभव आहे. पण दोन्ही बाजूंच्या निर्णयांची किंमत एकट्या कवयित्रीने मोजली.

‘पापुशाच्या हार्प’ ही रचना काय आहे?

यान कांती पावलुश्केविच हे पोलंडमधील नामवंत संगीतकार. १९६० च्या दशकात मारेक ग्रेखुता यांच्यासह त्यांनी ‘अनावा’ हा गानवृंद सुरू केला होता. कवितांना चाली देणे ही त्या वृंदाची ओळख होती. पुढे त्यांनी पापुशाच्या कविता घेतल्या आणि ‘हार्फी पापुशी’, म्हणजे ‘पापुशाच्या हार्प’, ही मोठी रचना तयार केली. १९९४ मध्ये क्राको शहरात ती पहिल्यांदा सादर झाली.

वाद्यवृंद, समूहगान आणि एकल गायक असा तिचा मोठा पसारा आहे. एल्झ्बिएता तोवार्नित्स्का या सोप्रानो गायिकेचा आवाज या रचनेशी जोडला गेला आहे. सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य गायनातील स्त्रियांचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज. नावाप्रमाणे हार्पला यात मानाची जागा आहे. ज्या वाद्याच्या साथीने पापुशा गायची, तेच वाद्य तिच्या शब्दांसोबत परत आले.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय भाषेचा होता. भाषांतर तयार होते आणि गाजलेलेही होते. पोलिशमध्ये गायले असते, तर श्रोत्यांना अर्थ तिथल्या तिथे कळला असता. तरीही गाणी रोमानीतच ठेवली गेली. त्यामुळे रोमानीचा आवाज मोठ्या सभागृहात, शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर पोहोचला.

जोआना कोस-क्राउझे आणि क्शिश्तोफ क्राउझे यांनी २०१३ मध्ये पापुशाच्या आयुष्यावर कृष्णधवल चित्रपट काढला. त्यातही हेच संगीत आहे आणि बरेचसे संवाद रोमानीत आहेत.

कवितेचे गाणे झाल्याने नेमके काय बदलले?

मुळात पापुशा आपल्या रचनांना गाणीच म्हणत असे. १९५६ च्या संग्रहाचे नावही ‘पापुशाची गाणी’ असेच आहे. तांड्यात शेकोटीभोवती रचलेली, गळ्यातून आलेली ही गाणी कागदावर उतरली आणि तिथे ती ‘कविता’ झाली. म्हणजे संगीतकाराने कवितेचे गाणे केले, असे म्हणण्यापेक्षा गाण्याला पुन्हा गाणे केले, असे म्हणावे लागेल.

तिच्या रचनेत ठरलेला छंद नाही. यमक जुळवण्याचा आग्रह नाही. जंगल, पाऊस, पाणी यांना माणसांसारखी हाक मारत ओळी लहान-मोठ्या होत जातात. अशा शब्दांना चाल लावताना संगीतकारापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे शब्द छाटून ठेक्यात बसवणे. दुसरी म्हणजे चाल शब्दांमागे नेणे. भाषांतरावर चाल बांधली तर मूळ शब्दांचे आघात हरवतात, कारण भाषा बदलली की कुठल्या अक्षरावर थांबायचे तेही बदलते. मूळ भाषा ठेवली की चालीला तिच्या श्वासाप्रमाणे चालावे लागते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सोप्रानोचा आवाज, वाद्यवृंद, समूहगान हे सगळे तांड्यातले नाही. रोमांचे गाणे ‘गाजों’च्या साच्यात घातले, असा आक्षेप त्यावर घेता येतो. ज्या बाईचे शब्द होते, तिला ही मैफल ऐकता आली नाही, हे तर आहेच. पण छापील पुस्तकाने तिच्या लोकांचे शब्द अर्थ सांगण्यासाठी उघडे केले होते. गाण्याने ते अर्थ न सांगताही ऐकायला लावले. हा फरक मोठा आहे.

असे आणखी प्रयोग झाले आहेत का?

रोमांचे गीत जगभर पोहोचण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘जेलेम जेलेम’. संगीतकार झार्को योवानोविच यांनी पारंपरिक चालीवर शब्द रचले. त्यात महायुद्धातील संहाराची आठवण आहे. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ पहिली जागतिक रोमानी काँग्रेस भरली आणि हे गीत रोमांचे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले. निळ्या-हिरव्या ध्वजावरचे लाल चक्रही तेव्हाच मान्य झाले. आपल्या अशोकचक्राशी त्याचे साम्य सहज दिसते, मात्र त्याला २४ ऐवजी १६ आरे आहेत. ८ एप्रिल हा आता आंतरराष्ट्रीय रोमा दिन आहे.

या काँग्रेसला भारतातून वीर राजेंद्र ऋषी उपस्थित होते. परराष्ट्र सेवेत काम केलेल्या ऋषी यांनी पुढे चंडीगडमध्ये रोमानी अभ्यासाची संस्था उभी केली. १९७६ आणि १९८३ मध्ये तिथे रोमा महोत्सव भरले. २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तिथे रोमांना भारताची लेकरे म्हटले होते.

बर्लिनमध्ये २०१२ मध्ये नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सिंती आणि रोमांचे स्मारक उघडले गेले. तिथल्या गोल जलाशयाच्या काठावर सांतिनो स्पिनेल्ली यांची कविता कोरली आहे. ते इटलीतील रोमा कवी आणि स्वतः संगीतकार आहेत. त्या परिसरात रोमेओ फ्रान्झ यांच्या व्हायोलिनचे सूर ऐकू येतात. इथे कवी आणि वादक दोघेही त्याच समाजातले आहेत. पापुशाच्या काळात हे शक्य नव्हते.

तोनी गातलिफ यांचा १९९३ चा ‘लाचो द्रोम’ हा चित्रपटही पाहण्यासारखा आहे. राजस्थानच्या वाळवंटातून सुरू होणारा संगीताचा प्रवास त्यात स्पेनपर्यंत जातो आणि निवेदनाशिवाय, गाण्यांतूनच गोष्ट पुढे सरकते.

वाशीम जिल्ह्याशी याचा काय संबंध?

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातून बंजारा भाविक तिथे येतात. नंगारा या वाद्याच्या आकारात उभारलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. वाद्याच्याच आकाराची वास्तू उभारणाऱ्या या समाजात गाण्याचे स्थान काय आहे, हे वेगळे सांगायला नको.

होळीला तांड्यात लेंगी गायली जाते. लग्नात नवरी ढावलो गाते. हे हुंदक्यांसह गायचे निरोपाचे गाणे असते आणि प्रत्येक मुलीच्या घरची माणसे, तिच्या आठवणी त्यात येतात. तीजची गाणी आहेत, सेवालाल महाराजांची भजने आहेत. नंगारा, थाळी, झांज यांच्या साथीने हे सगळे चालत आले आहे. यातल्या कितीतरी रचना बायकांच्या आहेत, पण त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

भाषेची स्थिती काय? २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक आणि ‘बंजारी’ सांगणाऱ्यांची १५ लाखांहून अधिक होती. दोन्ही मात्र हिंदीच्या गटात मोजल्या गेल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या भाषेला स्थान नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत. एका तांड्यातला लिहिलेला मजकूर दुसऱ्या राज्यातल्या तांड्याला वाचता येईलच असे नाही. गायलेले मात्र तिघांनाही समजते. म्हणूनच या भाषेसाठी गाणे हे पुस्तकाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे साधन आहे.

गाणे रेकॉर्ड करताना कायदा काय सांगतो?

आता हार्प किंवा वाद्यवृंदाची गरज नाही. मोबाइल पुरतो. तांड्यातले गाणे काही मिनिटांत हजारो लोकांपर्यंत जाते. अशा वेळी तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात.

पहिली, रचना. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, रचणारा अज्ञात असलेल्या पारंपरिक गाण्यावर एका व्यक्तीचा असा हक्क सांगता येत नाही. मात्र आज हयात असलेल्या कुणी नवी लेंगी रचली, तर ती त्याची किंवा तिची स्वतःची रचना आहे.

दुसरी, सादरीकरण. गाणे पारंपरिक असले, तरी ते गाणाऱ्या व्यक्तीला तिच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा हक्कही मिळाला. तांड्यातल्या आजीलाही तो लागू आहे.

तिसरी, ध्वनिमुद्रण. ते करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. स्वतःपुरते किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्यात सवलत आहे. पैसे कमावण्यासाठी वापर करायचा तर गाणाऱ्याची संमती हवी.

पुढे काय करता येईल?

पापुशाच्या गोष्टीतून काही साधे नियम निघतात. रेकॉर्ड करण्यापूर्वी विचारावे आणि ते कुठे जाणार, हे गाणाऱ्याला नीट समजावून सांगावे. काही गाणी घरातल्यांसाठीच असतात. नवरीचा ढावलो हे तिचे रडणे आहे, तो सगळ्या जगाला दाखवावा का, हे तिने ठरवायचे. एखाद्या तांड्याने नाही म्हटले, तर तेही ऐकावे.

गाण्याखाली गाणाऱ्या बाईचे नाव, तांडा आणि तारीख लिहावी. ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळे होऊ नये. नव्या चाली, नवी वाद्ये जरूर यावीत, पण शब्द गोरबोलीतच राहावेत. अर्थ मराठीत खाली देता येतो. शिवाय गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून ठेवले, तर शाळेतली मुले ती भाषा वाचूही लागतील.

शेवटचा मुद्दा वेळेचा आहे. पापुशाच्या शब्दांना पुन्हा सूर मिळाले, तेव्हा ऐकायला ती नव्हती. तांड्यांमध्ये आज ज्या म्हाताऱ्या बायकांना लेंगी आणि ढावलो तोंडपाठ आहेत, त्यांना त्यांचे गाणे त्यांच्या नावासह ऐकवायला अजून उशीर झालेला नाही.